खालच्याच ओळीला ब्रेसेस: वरची ओळ साचा म्हणून चालेल का?

फक्त खालच्या दातांना ब्रेसेस लावून चालेल का, हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो. विचारणाऱ्याने बहुतेकदा उत्तर मनाशी ठरवलेलं असतं: वाकडे दिसतात ते सरळ करा, सरळ दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. ऐकायला हे रास्त आहे, आणि पुढे दिलेल्या प्रकरणात शेवटी खालच्याच ओळीला ब्रेसेस लागले. तरीही तो निर्णय आरशात पाहून झाला नाही. त्याआधी बरंच मोजावं लागलं, वरच्या ओळीला हात न लावण्याची किंमत खालच्या दातांच्या इनॅमलमधून, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणातून, द्यावी लागली, आणि एका दाताच्या बाबतीत तडजोड स्वीकारावी लागली. असा निर्णय ज्यांच्यापुढे आहे त्यांना हिशेब पुरता दिसावा, म्हणून तो तपशिलात मांडते आहे.

रुग्ण आणि मागणी

रुग्ण २९ वर्षांची स्त्री. काम लोकांसमोर उभं राहून बोलण्याचं. आधी दात सरळ करण्याचा कोणताही उपचार झालेला नाही. तक्रारी दोन. खालचे चार पटाशीचे दात एकमेकांवर चढलेत आणि बोलताना ते दिसतं, ही पहिली. दुसरी तिने ओघात सांगितली: त्या दातांच्या मागे किटण इतक्या लवकर साठतं की सफाई करून घेतल्यावर थोड्याच महिन्यांत जिभेला पुन्हा खरखर लागते. मला ही दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची वाटली. दिसण्यासाठी उपचार करायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ब्रश पोचत नाही अशा सांध्यात हिरडी वर्षानुवर्षं सुजत राहणार असेल, तर उपचाराला वेगळं वजन येतं.

मागणी स्पष्ट होती. "वरचे दात माझे चांगले आहेत, डॉक्टर. त्यांना तार नको. खालची ओळ तेवढी सरळ करून द्या."

सोबत तिची आई होती. आईंचं म्हणणं असं की कॉलेजच्या वयात हे दात जवळजवळ सरळ होते, मग अक्कलदाढांनी मागून रेटले. तेव्हा आधी त्या दाढा काढाव्यात. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला तेव्हा दिसलं की खालच्या अक्कलदाढा मुळात तयारच झालेल्या नाहीत. रेटायला मागे कुणी नव्हतंच. खालच्या पुढच्या दातांची गर्दी वयाबरोबर वाढते, आणि ज्यांना अक्कलदाढा आल्याच नाहीत त्यांच्यातही वाढते. खालची कमान वर्षांगणिक थोडी थोडी आखूड आणि अरुंद होत जाते, त्याचा तो परिणाम. किडलेली, अर्धवट अडकलेली, वारंवार सुजणारी अक्कलदाढ काढावी लागते, ती गोष्ट निराळी. पुढचे दात वाकडे होऊ नयेत एवढ्यासाठी ती काढायचा सल्ला मी देत नाही.

तोंडात काय मिळालं

दाढांचं नातं दोन्ही बाजूंनी क्लास वन होतं. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या या वर्गीकरणात वरच्या पहिल्या दाढेचं पुढचं-बाहेरचं टोक खालच्या पहिल्या दाढेच्या खाचेत बसलं की ते क्लास वन. सुळेही आपापल्या जागी होते. एका ओळीच्या उपचाराचा विचार करताना मी सगळ्यात आधी हेच पाहते. मागचे दातच एकमेकांत नीट बसत नसतील, तर ते नातं सुधारायला वर आणि खाली दोन्हीकडे आधार लागतो. दोन ओळींमध्ये अडकवायचे रबर एका ओळीला कुठे अडकवणार?

ओव्हरजेट २.५ मिमी. म्हणजे वरच्या पटाशीच्या दाताची कड आणि खालच्या दाताचा दर्शनी भाग यांच्यातलं आडवं अंतर. २ ते ३ मिमी सर्वसाधारण मानतात. ओव्हरबाइट, म्हणजे दात मिटल्यावर वरचे दात खालच्यांना उभ्यात किती झाकतात ते, ३ मिमी, जवळपास एक तृतीयांश. हेही ठीक.

खालच्या गर्दीसाठी लिटल इंडेक्स काढला. रॉबर्ट लिटल यांची १९७५ची ही पद्धत साधी आहे: खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत दातांचे पाच सांधे, प्रत्येक सांध्यात शेजारच्या दोन दातांची टेकायची टोकं एकमेकांपासून किती सरकलीत ते मोजायचं आणि बेरीज करायची. बेरीज ५.५ मिमी आली. ४ ते ६ म्हणजे मध्यम. पण दात किती वाकडे दिसतात हे या आकड्यावरून कळतं, जागा किती कमी पडते ते कळत नाही. ते वेगळं मोजलं: दातांच्या रुंदीची बेरीज आणि कमानीत उपलब्ध असलेली जागा यांत ३.५ मिमीचा तुटवडा होता.

वरची ओळ तिने सांगितल्याप्रमाणे चांगली होती, एक बारकावा सोडून. उजवीकडचा बाजूचा पटाशीचा दात कमानीच्या रेषेपासून सुमारे ०.७ मिमी टाळूच्या बाजूला बसला होता. समोरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. तिलाही माहीत नव्हतं. शिवाय बाजूने घेतलेल्या एक्स-रेमध्ये वरचे पटाशीचे दात किंचित उभे दिसले, जितके पुढे झुकलेले असतात त्यापेक्षा कमी.

दात आणि हिरडी यांच्यातल्या खाचेची खोली सगळीकडे २ ते ३ मिमी, हाड निरोगी. फक्त खालच्या एका मधल्या पटाशीच्या दातापाशी समोरची हिरडी पातळ होती आणि १ मिमी खाली सरकलेली होती. ही बारीक नोंद पुढच्या निर्णयात फार कामाला आली.

न हलवलेली ओळ साचा होते

वरची कमान खालच्या कमानीला चहूबाजूंनी थोडी झाकून बसते, डब्यावर झाकण बसतं तशी. दोन्ही ओळींना ब्रेसेस असतात तेव्हा दोन्ही कमानी एकमेकींसाठी घडवता येतात. एकीलाच असतात तेव्हा दुसरी जशी आहे तशी राहते आणि हलणाऱ्या दातांनी तिच्या मापात बसायचं असतं. पाठ्यपुस्तकातली सुबक कमान खाली काढून दिली आणि ती वरच्या दातांवर आदळली, तर उपचार फसला, खालचा फोटो कितीही सुरेख येवो.

त्यामुळे रुग्ण विचारते की खालचे दात वाकडे आहेत, फक्त तेच सरळ करता येतील का, तेव्हा मी स्वतःला वेगळा प्रश्न विचारते: वरची ओळ साचा म्हणून धरण्याच्या लायकीची आहे का? ती सरळ आहे एवढं पुरत नाही. तिच्या आत खालचे दात ओळीने मावतील इतकी जागा हवी.

तेवढी जागा आहे की नाही, हे मोजता येतं. वेन बोल्टन यांनी १९५८ मध्ये उत्तम जुळणाऱ्या ५५ दंतरचनांवरून प्रमाण काढलं: खालच्या सहा पुढच्या दातांच्या रुंदीची बेरीज वरच्या सहांच्या बेरजेच्या ७७.२ टक्के असेल तर दोन्ही ओळी पुढे नीट जुळतात. या रुग्णाच्या वरच्या सहा दातांची बेरीज ४६.५ मिमी, खालच्या सहांची ३७.२ मिमी. प्रमाण बरोबर ८० टक्के. वरच्यांना शोभतील असे खालचे सहा दात ३५.९ मिमीचे हवे होते, म्हणजे तिचे खालचे दात १.३ मिमीने मोठे होते.

तुटवडा ३.५ मिमीचा, त्यातले १.३ मिमी दातांच्या आकारामुळे. उरलेले २.२ मिमी कशामुळे? माझ्या मते ते वरच्या उभ्या दातांमुळे. वरचे पटाशीचे दात थोडे आत आहेत, म्हणून खालच्यांना पुढे यायला वाव नाही. वाकडेपणा खाली दिसत होता, पण त्याचा एक भाग वरून आलेला होता. हे तिला तिच्या दातांच्या प्लास्टरच्या मॉडेलवर दाखवलं तेव्हा ती बराच वेळ दोन्ही मॉडेल उघडून-मिटून पाहत होती.

समोर असलेल्या वाटा

काहीच न घासता, दात न काढता खालची ओळ सरळ करणं ही सर्वांत सोपी वाटणारी वाट. तार घातली की वाकडे दात सुटतात, आणि सुटताना जागा पुढे शोधतात. पटाशीचे दात १ मिमी पुढे गेले तर कमानीत साधारण २ मिमी जागा होते, म्हणजे ३.५ मिमीसाठी ते सुमारे पावणेदोन मिमी पुढे जाणार. ओव्हरजेट २.५ वरून पाऊण मिमीवर येणार, म्हणजे खालच्या दातांच्या कडा वरच्या दातांच्या मागच्या भागात घुसू पाहणार. मग एक तर वरचे दात धक्क्याने सैल होऊन फटी पडतात, नाहीतर कडा झिजतात, नाहीतर खालचे दात पुन्हा आत ढकलले जाऊन वाकडे होतात. त्यातून ज्या दाताची हिरडी आधीच पातळ आहे तो हाडाच्या बाहेरच्या बाजूला ढकलला जाणार. ही वाट बाद केली. एकाच ओळीच्या उपचारात लोकांची निराशा होते ती बहुतेकदा इथे होते असं मला वाटतं, कारण पहिले तीन महिने दात झपाट्याने सरळ होताना दिसतात आणि सगळे खूश असतात.

खालचा एक पटाशीचा दात काढणं ही आणखी एक वाट. तो दात साधारण ५.३ मिमी रुंद असतो. गरज ३.५ मिमीची. उरलेली पावणेदोन मिमी जागा मिटवताना खालचे दात मागे जाणार आणि ओव्हरजेट वाढणार. गर्दी याहून बरीच जास्त असती तर विचार केला असता.

खऱ्या वाटा दोनच उरल्या.

एक, दोन्ही ओळींना ब्रेसेस. वरचे पटाशीचे दात जरासे पुढे झुकवायचे, आत गेलेला उजवा दात ओळीत आणायचा, त्यामुळे खाली वाव मिळेल. मग खालचे दात फक्त १.३ मिमी घासावे लागतील आणि बाकीची जागा दात किंचित पुढे येऊन मिळेल. हिरडीवर लक्ष ठेवावं लागेल. कालावधी वर्षाच्या पुढे.

दुसरी, फक्त खालची ओळ, पण लागणारी जवळजवळ सगळी जागा दातांच्या बाजू घासून मिळवायची. यालाच आयपीआर किंवा स्ट्रिपिंग म्हणतात. सुळ्यापासून सुळ्यापर्यंतच्या पाच सांध्यांत प्रत्येकी ०.४ मिमी, म्हणजे २ मिमी. सुळा आणि त्यामागची उपदाढ यांच्या दोन सांध्यांत प्रत्येकी अर्धा, म्हणजे १ मिमी. एकूण ३. उरलेल्या अर्ध्या मिमीसाठी दात पाव मिमी पुढे येतील, आणि ते चालण्यासारखं होतं.

घासण्याचा धसका बहुतेकांना असतो, तिलाही होता. ०.४ मिमी हा आकडा दोन दातांमध्ये वाटला जातो, एका दाताच्या एका बाजूला ०.२. खालच्या पटाशीच्या दातांच्या बाजूंना इनॅमलची जाडी साधारण ०.६ ते ०.७ मिमी असते. निम्म्याहून बरंच कमी जातं. नीट गुळगुळीत केलेल्या बाजूंना त्यामुळे जास्त कीड लागते असं आढळलेलं नाही. पण गेलेलं इनॅमल परत येत नाही, हेही तितकंच खरं, आणि ते मी कधीच गुळमुळीत शब्दांत सांगत नाही. वरच्या ओळीला तार न लावण्यासाठी या वाटेत १.३ ऐवजी ३ मिमी इनॅमल जाणार होतं. निर्णयाचा खरा गाभा एवढाच होता.

मेणातली कमान

बोलणं इथवर आल्यावर मी तिला आठवडाभर थांबायला सांगितलं आणि सेटअप केला. प्लास्टरच्या मॉडेलवर खालचे सहा दात बारीक करवतीने एकेक सुटे करायचे, ठरवलंय तेवढेच बाजूंनी कानशीने घासायचे आणि लाल मेणात पुन्हा ओळीने बसवायचे. हल्ली हे संगणकावर होतं आणि झटपट होतं. तरी असा अटीतटीचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात मिटल्यावरची बैठक, असला की मला प्लास्टर बरं वाटतं, कारण दात आदळतात ते बोटांना कळतं.

दात बसवून वरचं मॉडेल त्यावर मिटलं. डावीकडे सगळं स्वच्छ बसलं. उजवीकडे मॉडेल पुरतं मिटेना. मध्ये निळा कागद घालून पाहिलं, तर खालच्या उजव्या बाजूच्या पटाशीच्या दाताच्या कडेवर ठिपका उमटला, आणि त्याच्या बरोबर समोर, वरच्या त्या आत बसलेल्या दाताच्या पाठीवर दुसरा. ०.७ मिमीचा तो बारकावा इथे उभा राहिला. मेण कोमट करून खालचा तो दात अर्धा मिमी आत ढकलला, आणि मॉडेल मिटलं.

पुढच्या भेटीत हे सगळं तिच्यासमोर ठेवलं. दोन्ही वाटांचे फायदे-तोटे तिच्या भाषेत लिहून दिले, आणि त्यात एक टप्पा आधीच लिहून ठेवला: दात सुटले आणि घासणं पूर्ण झालं की थांबून चावा तपासायचा. उजवा वरचा दात धक्का खात असेल तर दोनच पर्याय. वरच्या पुढच्या दातांना काही महिने ब्रेसेस, किंवा खालचा तो दात अर्धा मिमी आत ठेवायचा. वरच्या दाताची पाठ घासून जागा करणं हा पर्याय मी यादीत घेतला नाही. निरोगी दात केवळ अडथळा झाला म्हणून घासणं मला पटत नाही.

तिने विचारलं, "एका ओळीचं काम म्हणजे वेळ आणि खर्च निम्मा ना?" तसं होत नाही. तपासण्या, नियोजन, भेटी, शेवटचा रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन), यातलं फारसं काही कमी होत नाही. वेळ किती लागणार हे सर्वांत अवघड दात ठरवतो, ओळींची संख्या नाही. इथे अवघड दात खालीच होते आणि फार फिरलेले नव्हते, म्हणून काम वर्षाच्या आत होण्यासारखं होतं.

आईंचा कल दोन्ही ओळींकडे होता: करायचंच तर पूर्ण करावं. तिने खालची ओळ निवडली. कारण विचारलं तर म्हणाली, "वरची तार मला रोज दिसणार, सगळ्यांना दिसणार, आणि ज्या दातांची मला तक्रार नाही त्यांच्यासाठी मी ती नीट सांभाळणार नाही." हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं आणि वैद्यकीय दृष्ट्याही वजनदार. नको असलेल्या ब्रेसेसभोवती ब्रश नीट फिरत नाही, आणि मग ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, कडेने इनॅमलवर पांढरे डाग पडतात. मोजमापं दोन्ही वाटांना परवानगी देत होती. तेव्हा निवड तिचीच असायला हवी होती.

प्रत्यक्ष उपचार

तिला दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट हवे होते. खालच्या पुढच्या दातांवर मी ते लावले नाहीत. सिरॅमिक इनॅमलपेक्षा कठीण असतं. वरच्या दातांची कड त्यावर आदळत राहिली तर झिजतो तो वरचा दात, आणि झिजल्याचं लवकर कळतही नाही. वरच्या ओळीला जपायचं हा तर या उपचाराचा हेतू. म्हणून धातूचे ब्रॅकेट, आणि सुरुवातीला वरचे दात त्यांच्यावर पडू नयेत म्हणून खालच्या दाढांवर निळ्या सिमेंटचे छोटे उंचवटे. चावताना पहिला आठवडा विचित्र वाटतं, मग सवय होते. दात सुटत गेले तसे ते उंचवटे काढून टाकले. अलाइनरबद्दलही, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांबद्दल, तिने विचारलं होतं. ते एका ओळीला चालतात, पण सुळ्याचं फिरणं तारेने जास्त भरवशाने सुधारतं म्हणून तार ठरली.

पहिली तार ०.०१४ इंचाची निकेल-टायटेनियमची, अगदी मऊ. घासण्याचं काम मी पहिल्याच दिवशी केलं नाही. चढलेल्या दातांचा खरा सांधा पट्टीच्या हाती लागत नाही. तसंच घासलं तर दाताचा आकार बिघडतो. दात थोडे सुटल्यावर दोन टप्प्यांत घासलं. बारीक धातूची पट्टी दोन दातांमधून मागे-पुढे फिरते, कानशीसारखा आवाज तिला हाडातून ऐकू येतो, दुखत मात्र नाही. प्रत्येक सांध्यात मापाची पातळ पट्टी घालून ०.४ झालं की थांबायचं, बाजू गुळगुळीत करायच्या, फ्लोराइड वार्निश लावायचं. प्रत्येक सांध्यात किती गेलं याची नोंद कागदावर, कारण "अंदाजे" या शब्दाला इथे जागा नाही.

पाचव्या महिन्याच्या सुमाराला ठरलेला टप्पा आला. वरच्या उजव्या दातावर बोटाचं टोक हलकं ठेवलं आणि तिला दात टकटक मिटायला सांगितलं. शेजारचे दात स्थिर होते. हा एक बोटाखाली थरथरला. कागदाचा ठिपका सेटअपमध्ये होता तिथेच. तिलाही ते बोट ठेवून पाहायला सांगितलं. तिने स्वतः अनुभवलं, आणि लगेच आरसा मागितला. खालचा दात अर्धा मिमी आत गेला तर कसं दिसेल हे मेणाच्या मॉडेलवर पुन्हा दाखवलं. समोरून दोन हातांवरून पाहणाऱ्याला ते ओळखू येणार नव्हतं. तिने तेच निवडलं. तारेला तिथे किंचित आतलं वळण दिलं आणि पुढच्या भेटीत थरथर थांबलेली होती.

या तडजोडीबद्दल माझं मत पक्कं आहे. वरची ओळ साचा मानली की तिच्यातला दोषही साच्याचाच भाग होतो, आणि खालच्या ओळीने त्यालाही जुळवून घ्यायचं असतं. ओळ सरळ दिसावी म्हणून रोज हजार वेळा आदळणारा दात मागे ठेवून रुग्णाला घरी पाठवता येत नाही.

ब्रेसेस एकूण नऊ महिने राहिले.

उत्तर 'नाही' आलं असतं तर कशामुळे

हे प्रकरण वाचून कुणी आपल्यालाही चालेल असं धरू नये, म्हणून उलट बाजू. तिचा ओव्हरजेट २.५ ऐवजी १ मिमी असता किंवा दात कडेला कड लागत असते, तर खाली घासूनही जागा पुरली नसती. बोल्टनचं प्रमाण उलट आलं असतं, म्हणजे खालचे दात आधीच लहान असते, तर घासल्यावर वर-खालच्या ओळींत जास्तच तफावत पडली असती. खालचे दात टाळूच्या हिरडीला लागतील इतका खोल चावा असता, तर आधी तो उघडावा लागला असता आणि त्यासाठी बहुधा दोन्ही ओळी लागल्या असत्या.

फक्त वरच्या ओळीची मागणी याहून जास्त येते, आणि तिथे फसगतही जास्त. वरच्या पुढच्या दातांत फटी आहेत, त्या मिटवायच्या आहेत. फटी मिटवायच्या म्हणजे वरचे दात आत आणायचे. पण खालचे दात आधीच त्यांच्या पाठीला टेकलेले असतील तर ते आत येणार कुठे? जोर लावून फट मिटवली तरी खालचे दात ती हळूहळू पुन्हा उघडतात. अशा वेळी खालची ओळ सरळ असली तरी तिच्यावर काम करावं लागतं. उलट ओव्हरजेट ४ मिमी असून वर फटी असतील, तर फक्त वरची ओळ हा अगदी चांगला उपचार ठरू शकतो. आणि मोठ्या वयात फटी नव्याने पडू लागल्या असतील तर ब्रेसेसच्या आधी हिरड्या आणि हाड तपासायचं. हाड झिजत असताना दात हलवणं धोक्याचं.

वर गर्दी आणि ओव्हरजेट आधीच ६ मिमी, अशा रुग्णाला फक्त वरची तार घातली तर दात ओळीत येतात आणि आणखी पुढे येतात. त्यांच्यासाठी प्रश्न ओळींचा नसून जबड्यांच्या नात्याचा असतो.

रिटेनर आणि पुढचं

हललेले दात सोडले की मागे फिरतात. दाताभोवतीचं हाड आणि धागे काही महिन्यांत नव्याने बसतात, पण हिरडीतले लवचिक धागे बसायला वर्षाच्या आसपास वेळ घेतात, आणि वयाबरोबर होणारं सरकणं तर कधीच थांबत नाही. म्हणून खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत मागून बारीक तार कायमची चिकटवली आणि रात्री घालायचा पारदर्शक रिटेनरही दिला. तारेखाली आता बारीक ब्रश जातो. सफाईनंतर किटण साठायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो असं तिचं म्हणणं आहे आणि हिरडी तपासताना ते दिसतं.

वरच्या ओळीला रिटेनर लागतो का, यावर आम्ही बरंच बोललो. तिला हलवलेलीच नाही, त्यामुळे उपचारानंतर मागे फिरण्याचा प्रश्न नाही. पण खालचे दात आता त्या ओळीला मापून बसवलेत. ती सरकली तर खालच्यांचा हिशेब बिघडतो. उपचार संपताना दोन्ही ओळींचा स्कॅन करून ठेवला आणि वर्षभराने पुन्हा केला. वरची ओळ जागेवर होती. लिटल इंडेक्स ५.५ वरून १ मिमीच्या आसपास, आणि तो १ मिमी म्हणजे मुद्दाम आत ठेवलेला दात. पातळ हिरडी आहे तिथेच होती. मधल्या काळात चिकटवलेली तार उजव्या सुळ्यावरून सुटली होती. जेवताना टोचल्यामुळे तिला लगेच कळलं आणि दात हलायच्या आत ती पुन्हा चिकटवता आली. मधल्याच एखाद्या दातावरून सुटली असती तर कदाचित कळलं नसतं, म्हणून दर सहा महिन्यांच्या सफाईत तारेचा प्रत्येक ठिपका तपासायला सांगितलंय.

वरचा उजवा दात आणखी आत सरकताना दिसला किंवा बोटाखाली पुन्हा थरथरला, तर वरच्या ओळीला पारदर्शक रिटेनर देऊन ती धरून ठेवायची, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वरच्या ब्रेसेसचा विचार नव्याने करायचा, असं तिच्या कागदांत लिहिलेलं आहे. स्कॅनची एक प्रत तिच्याकडेही दिली आहे. पुढे ती दुसऱ्या कुणाकडे गेली तरी तुलना करायला तो हाताशी असेल.